अक्का, सेरगुची पाटी लागली

अक्का, तुझ्या तेराव्याच्या कार्डावर तुझं नाव कोणत्या अक्षरात घालायचं हे ठरवायला श्रीधरअण्णांनी मला बेंगळुरूतल्या आपल्या शिवाजीनगरच्या छापखान्यात पाठवलं. "आमच्या घरात अक्षराबद्दल बोलायची सोय मालिनीनं कुणाला ठेवलीच नाही," तुझे भाऊ म्हणाले. "तूच बघ."

छापखानेवाल्यानं संगणकावर तयार नमुने दाखवले. सगळ्यांवर समई, सगळ्यांना वेलबुट्टी, आणि मधोमध नाव लग्नपत्रिकेसारखं गिरक्या घेणारं. मी सगळे बाजूला सारले. साधं, जरा जाड अक्षर निवडलं आणि 'मालिनी'तल्या दोन वेलांट्यांच्या मधली जागा थोडी मोकळी करायला सांगितली. त्या एकमेकींकडे वाकून कुजबुजतात, असं तू म्हणायचीस ना. कुजबुजायला जागा तरी हवी. खाली कन्नडमध्ये तेच नाव, तेवढ्याच जाडीचं.

"इतकं साधं?" तो म्हणाला. "मॅडम, बघणाऱ्याला दुःख दिसायला नको का?"

"दुःख आम्हाला आहे," मी म्हटलं. "अक्षराला रडायला नका लावू."

बाहेर बसस्टँडच्या गर्दीत आल्यावर मला आपोआप वाटलं, हे अक्काला सांगायला हवं. अक्षराला न रडवण्याचं ते वाक्य तुझं नव्हतं, माझं होतं. तुला ते आवडलं असतं, आणि आवडलंय हे तू दाखवलं नसतंस. चष्मा वर करून "हं" एवढंच म्हणाली असतीस. तो "हं" ऐकायला मिळणार नाही, हे मला स्मशानात कळलं नव्हतं. ते तिथं, बसस्टँडवर कळलं.

मी तुझ्याकडे आले तेव्हा कोरमंगलातल्या एका कंपनीत मोबाईल ॲपचे लोगो करत होते. पीजीत राहायचे, इंग्रजीत विचार करायचे, हिंदीत भांडायचे, आणि मराठी फक्त आईच्या फोनपुरती उरली होती. दुकानांच्या पाट्यांची आणि लोगोंची अक्षरं काढणारी तू, त्या कंपनीत अक्षरांवर बोलायला आली होतीस. बोलणं संपल्यावर मी जवळ येऊन, निपाणीची आहे असं सांगून, मराठीत काहीतरी विचारलं, तर तू म्हणालीस, "निपाणीची? मग दोन्ही लिप्या वाचत असशील. इथं काय करतेस, निळे गोल काढत?" मी खरंच निळे गोल काढत होते. पुढच्याच महिन्यात मी तुझ्या शिवाजीनगरच्या दोन खोल्यांत खुर्ची टाकून बसले.

सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायचे. एकदा तुझ्या एका रेखाटनात चूक दिसली, आणि ती सांगायला मला अर्धी दुपार लागली. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुम्ही म्हणत बसलीस तर भांडशील कशी? मला भांडणारं माणूस पाहिजे. तू म्हण." तुमच्या घरची मराठी मला तेव्हा गमतीची वाटायची. तीनेकशे वर्षांपूर्वी या मुलखात आलेल्या माणसांची, मध्येच 'स्वल्प थांब', मध्येच कन्नडमधलं 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं. आता मी रिक्षावाल्यालाच नव्हे, आईलासुद्धा फोनवर 'स्वल्प थांब' म्हणते. आई विचारते, स्वल्प म्हणजे किती?

पण मला सांगायचंय ते सेरगुबद्दल. तुझं शेवटचं काम, आणि आपलं शेवटचं भांडण.

सेरगु म्हणजे कन्नडमध्ये पदर. चिकपेटच्या बोळात गुरुशांतप्पांचं साड्यांचं दुकान त्या नावानं कित्येक वर्षं चालत होतं. लाल पाटीवर पिवळी, फुगीर, कन्नड अक्षरं. त्यांच्या मुलानं, किरणनं, कोरमंगलात मोठी शोरूम काढली आणि एका बड्या एजन्सीकडून नवा लोगो करून घेतला. करड्या भिंतीवर रुपेरी, केसासारखी बारीक, लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं. खाली नियमापुरतं कन्नड. अशा कन्नडला तू भाडेकरू म्हणायचीस. मालकाच्या घरात आवाज न करता राहणारं.

शोरूम चालेना. साड्या त्याच, विणकर तेच, भावही चिकपेटचेच. किरणला कारण कळत नव्हतं म्हणून गुरुशांतप्पांनी तुला बोलावलं. मला वाटलं तू आत जाऊन लोगो बघशील. तू रस्त्याच्या पलीकडे ज्यूसच्या दुकानात खुर्ची मागितलीस आणि मला म्हणालीस, "आता स्वल्प गप्प बस आणि दार बघ."

आपण बराच वेळ दार बघत बसलो. मग एक रिक्षा थांबली. त्यातून आई आणि लग्नाच्या वयाची मुलगी उतरल्या. आईच्या हातात कापडी पिशवी, केसांत मोगरा. मुलगी दाराकडे निघाली. आई थांबली. तिनं मान वर करून पाटी पाहिली, मग काचेतून आत पाहिलं, मग स्वतःच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं. मुलीचा दंड धरून तिला मागं ओढलं आणि रिक्षाला पुन्हा हात केला.

तू उठून रस्त्यात धावलीस. तुझे गुडघे दुखायचे, तरी धावलीस. मी मागून पोचले तेव्हा तू रिक्षाच्या दांडीला धरून कन्नडमध्ये विचारत होतीस, "आत का नाही गेलात अम्मा?"

ती बाई अवघडली. म्हणाली, "इथं भाव विचारायलासुद्धा इंग्रजी लागेल. हे आपलं नाही. आम्ही चिकपेटला सेरगुत जातो. माझ्या लग्नाची साडी तिथलीच."

"हे सेरगुच आहे," तू म्हणालीस.

तिनं पुन्हा पाटीकडे पाहिलं. कोणीतरी थट्टा करावी तसं हसली, आणि रिक्षा निघाली.

तू फुटपाथवर उभी राहिलीस. मला वाटलं आता तू खूश होशील, कारण तुला जे म्हणायचं होतं ते त्या बाईनं एका वाक्यात सिद्ध केलं होतं. तू चिडली होतीस. "स्वतःच्या दुकानाच्या दारातून तिला परत पाठवलं," तू म्हणालीस. "कुणी एक शब्द न बोलता."

तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हटलं, अक्षरांना जन्मतः स्वभाव नसतो. ती लाल-पिवळी पाटी तरी कुठे सुंदर होती? लोकांनी तिथून चांगल्या साड्या नेल्या, लग्नं झाली, बारशी झाली, म्हणून ती अक्षरं त्यांना आपली वाटायला लागली. माणसाला अक्षराची सवय होते. ही बारीक अक्षरंही काही वर्षांनी आपली होतील. जगातले कितीतरी नामांकित लोगो पहिल्या दिवशी लोकांना विचित्र वाटले असतील.

"सरी," तू म्हणालीस. "पण सवय लागायला आधी आत यावं लागतं."

हे मी मानते. पण तू म्हणतेस तेवढं मी मानत नाही, अक्का. तुझ्या मते बारीक अक्षर म्हणजे नाक वर करून बोलणारं माणूस. मला बारीक अक्षरात हळू बोलणारं माणूसही दिसतं. निपाणीच्या माझ्या शाळेत सगळ्या पाट्या ओरडायच्या. 'शिस्त पाळा', 'रांगेत चला', सगळं जाड, लाल. मी बेंगळुरूत आले तेव्हा पहिल्यांदा अशी अक्षरं पाहिली जी माझ्यावर ओरडत नव्हती. मला ती मोकळी वाटली. हे मी तुला एकदा सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "तुला शाळेनं छळलं, त्याचा राग जाडीवर काढू नकोस." आपण दोघी हसलो. मुद्दा तसाच राहिला.

तू सेरगु लिहायला घेतलंस. तीन अक्षरं. मी तुला एवढ्या कमी अक्षरांवर एवढं झगडताना कधी पाहिलं नव्हतं. जुन्या पाटीची फुगीर माया ठेवायची, तिचा बेढबपणा काढायचा. मधला 'र' तर तू पुन्हापुन्हा काढलास. कन्नडमधला तो गोल, ज्याच्या डोक्यावर एक छोटी रेघ तुऱ्यासारखी उचललेली असते. ती रेघ जरा जास्त उचलली की अक्षर उद्धट दिसतं, खाली आणली की झोपतं, असं तू म्हणायचीस. मला आधी फरक दिसायचा नाही. नंतर दिसायला लागला, आणि मग तो सगळीकडे दिसायला लागला. बसच्या पाट्यांवर, औषधांच्या दुकानांवर, दुधाच्या पिशव्यांवर. याबद्दल मी तुझी ऋणी आहे आणि थोडी वैतागलेलीही. आता मला कुठलंच दुकान नुसतं दुकान म्हणून बघता येत नाही.

किरण एकदा आला. भला मुलगा आहे, फक्त घाईत असतो. तुझं रेखाटन बघून म्हणाला, "आंटी, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून तिचा पदर करता येईल ना? नावातच पदर आहे."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "गणपतीच्या मूर्तीचं दुकान असतं तर पाटीला सोंड लावली असतीस का?"

तो ओशाळला. तू त्याला जवळ बोलावून दाखवलंस, की ज्याला नाव वाचता येतं त्याला पदर सांगावा लागत नाही, आणि ज्याला वाचता येत नाही तो काचेतल्या साड्या बघतोच. त्याला पटलं की नाही मला माहीत नाही. पण त्यानंतर तो तुला आंटी म्हणायचा थांबला आणि अक्का म्हणायला लागला.

कन्नड झालं. इंग्रजीवर मात्र आपण अडलो. तुला इंग्रजी अक्षरांतही तोच फुगवटा हवा होता. एकाच घरातली भावंडं वाटली पाहिजेत, हा तुझा हट्ट. मी म्हणायचे, इंग्रजी अक्षरांना असं कन्नड नेसवलं की ती परदेशातल्या भारतीय हॉटेलाच्या मेनूसारखी दिसतात. वेषांतर केल्यासारखी. भावंडं सारखी दिसतातच असं कुठंय? श्रीधरअण्णा आणि तू कुठे सारखे दिसता? तू म्हणालीस, "नाक बघ." मी म्हटलं, नाक तरी एकच पुरे.

त्यातच तुला ताप आला. ताप छातीत उतरला. हॉस्पिटलमध्ये भेटायला आले तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तू हातानं मला जवळ बोलावलंस आणि मास्क जरा बाजूला केलास. मला वाटलं काही त्रास होतोय. तू समोरच्या भिंतीकडे बोट केलंस. वॉर्डाचं नाव लिहिलेली पाटी होती, काळी, अरुंद, टोकदार अक्षरं. "या अक्षरांनीच निम्मी माणसं घाबरत असतील," तू म्हणालीस. नर्सनं मास्क परत बसवला आणि मलाच रागावली.

ती गेल्यावर तू पुन्हा मास्क हलवलास. "तुझा इंग्रजी e फार आज्ञाधारक आहे," तू म्हणालीस. "त्याला स्वल्प जीव दे."

"घरी आल्यावर भांडू," मी म्हटलं.

"सरी," तू म्हणालीस.

हे आपलं शेवटचं बोलणं. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. तिथं मला दुसरं काही म्हणता आलं असतं. की तुझ्यामुळे मला माझ्या दोन्ही भाषा परत मिळाल्या. की तुझ्या त्या दोन खोल्यांत मी जेवढी हसले तेवढी या शहरात कुठेच हसले नाही. पण आपण दोघी तशा बोलणाऱ्या नव्हतो. आपण e वर बोललो. मला वाटतं तुला त्यातलं बाकीचं ऐकू आलं असेल. नसेल आलं तर आता ऐक.

तेरावं झालं आणि किरणचा फोन आला. आवाज नरम होता. "रेवती, अक्का असत्या तर गोष्ट वेगळी होती. आता तुम्ही एकट्या. एजन्सीवाले म्हणतायत, बारीक लोगोच ठेवा, लोकांना सवय होईल. मलाही वाटतं ब्रँड पुढे जायला हवा. डॅडींच्या त्या अक्षरांना बाजाराचा वास आहे."

गंमत बघ, अक्का. ते माझंच वाक्य होतं. सवय होईल. मी इतक्या वेळा तुझ्यापुढे मांडलेला मुद्दा तो मला परत देत होता, तुझं काम बाजूला सारायला. मला तिथं रडू यायला हवं होतं. मला राग आला, आणि त्या रागानं मला ताठ उभं केलं.

"किरण," मी म्हटलं, "अक्का गेल्यात. त्यांचं अक्षर जिवंत आहे. निर्णय तू घे, पण खुर्चीत बसून नको. माझ्याबरोबर चिकपेटला चल."

मी एकाच कापडाच्या, एकाच रंगाच्या पिशव्या शिवून घेतल्या. निम्म्यांवर एजन्सीचा बारीक लोगो छापला, निम्म्यांवर तुझं सेरगु. चिकपेटच्या जुन्या दुकानात गल्ल्याजवळ दोन्ही ठेवल्या. साडी घेतलेल्या बाईला एवढंच विचारायचं, यातली कुठली पिशवी हवी? किरण माझ्याशेजारी स्टुलावर बसला. गुरुशांतप्पा गादीवरून बघत होते.

बहुतेक बायांनी हात घातला तो तुझ्या पिशवीला. विचार न करता, जसं आपण गर्दीत ओळखीच्या माणसाकडे वळतो. एका आजींनी बारीक लोगोची पिशवी उचलून डोळ्यांजवळ नेली आणि विचारलं, "ही कुठल्या दवाखान्याची?" किरण हसला, मग हसायचा थांबला.

पण सगळं तुझ्या बाजूनं झालं नाही, हे मी तुला सांगणारच. गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेल्या एका मुलीनं बारीक अक्षरांची पिशवी निवडली. किरणनं तिला उत्साहानं कारण विचारलं. ती म्हणाली, "ही ऑफिसला नेता येईल. ती दुसरी छान आहे, पण आईची वाटते." अक्का, मला तिचं म्हणणं समजलं. त्या मुलीत मला मी दिसले.

"बघा," किरण मला म्हणाला.

"तिला विचार, पिशवी कुठल्या दुकानाची आहे ते," मी म्हटलं.

त्यानं विचारलं. मुलीनं पिशवी उलटसुलट केली. ती उभी होती त्याच दुकानाचं नाव पिशवीवर होतं, आणि ते तिला लागेना. तिनं अंदाजानं काहीतरी इंग्रजी शब्द वाचला. किरणनं तिला नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, हे सेरगु आहे?"

किरण स्टुलावरून उठला. मग वडिलांकडे गेला. ते काय बोलले मला ऐकू आलं नाही. परत येऊन तो म्हणाला, "अक्कांचं कन्नड तसंच ठेवू. मोठं, वर. इंग्रजी खाली. पण इंग्रजी त्या मुलीला ऑफिसला नेता येईल असं करा."

ते मी केलं. तुझा फुगवटा इंग्रजीत घेतला नाही. अक्षरं सडसडीत ठेवली, पण काड्यांसारखी नाहीत, तुझ्या कन्नडच्या सगळ्यात बारीक रेघेएवढी जाड. आणि e ला जीव दिला. त्याची आडवी रेघ जरा तिरकी उचलली, तुझ्या 'र'च्या डोक्यावरच्या तुऱ्याच्या कोनात. तेवढं एकच नाक सारखं. बाकी भावंडं वेगवेगळी. तुला हे मान्य झालं असतं का? मला वाटतं, नसतं. तू अजून आठवडाभर भांडली असतीस आणि कदाचित मी थोडी हलले असते. आता ते होणार नाही. तू बोलायला नाहीस म्हणून मी जिंकले, असं मी मानणार नाही. एवढंच झालं, की ठरवायचं काम माझ्यावर आलं आणि मी ठरवलं.

गेल्या आठवड्यात कोरमंगलात पाटी चढली. शिवाजीनगरच्या कारागिरांनी पितळी अक्षरं बसवली. गुरुशांतप्पा टॅक्सीतून आले, खाली उभं राहून त्यांनी मोठ्यानं, एकेक अक्षर लावून वाचलं, "से-र-गु." मग म्हणाले, "आमचंच आहे." आणि चपला दाराशी काढायला लागले. किरणनं त्यांना थांबवलं, "डॅडी, असेच या." ते तसेच आत गेले.

शोरूम चालेल की नाही, मला माहीत नाही. नुसत्या पाटीनं दुकान चालत नाही, हे तूही मान्य करायचीस. पण दारातून कुणाला परत पाठवायला आता आपलं अक्षर कारण असणार नाही. एवढी जबाबदारी मी घेतली आहे.

श्रीधरअण्णा विचारत होते, दोन खोल्यांचं काय करायचं. मी सांगितलं, मी चालवणार. ते म्हणाले, एकटी? मी म्हटलं, भांडायला कुणीतरी शोधीन. तुझ्याएवढं पक्कं कुणी मिळणार नाही, पण कन्नड आणि मराठी दोन्ही वाचणारी एखादी पोर या शहरात नक्की कुठेतरी निळे गोल काढत बसली असेल. मी तिला पहिल्या दिवशीच सांगणार आहे, मला तू म्हण.

उद्या एका प्रसूतिगृहाची माणसं येतायत. नवं नाव, नवी इमारत, आणि त्यांना म्हणे 'प्रीमियम' दिसायचंय. तुझ्याशिवायची ही पहिलीच बैठक. मी चहा मागवीन, त्यांचं सगळं ऐकून घेईन, मग एकच गोष्ट विचारीन. पोटात कळा येत असताना, रिक्षातून उतरून, तुमच्या पाटीकडे मान वर करून कोण बघणार आहे? तिचं नाव नको, पण ती कोण आहे, कुठून येते, काय वाचू शकते, हे मला सांगा. ते सांगितल्याशिवाय मी पेन्सिल उचलणार नाही.